मामीचं वास्को, सुनेचं मडगाव: एका घरबदलाचं प्रकरण

२०२३ च्या जूनमध्ये, पावसाने नुकता जोर धरला होता तेव्हा, माझा मामेभाऊ एका संध्याकाळी वहीचा दुमडलेला कागद घेऊन आमच्याकडे आला. कागदाच्या मधोमध रेघ ओढलेली. डावीकडे ‘वास्को’, उजवीकडे ‘मडगाव’. “ताई, तुझी बावीस वर्षं पतसंस्थेत गेली, कर्जाचं तुला कळतं. माझं यात काय सुटतंय ते सांग,” म्हणाला आणि निथळत्या छत्रीसकट दारातच उभा राहिला.

असे कागद मी पुष्कळ पाहिलेत. घरासाठी कर्ज मागायला येणारा माणूस बहुतेक वेळा मनाशी ठरवूनच आलेला असतो, कागद फक्त दाखवायला असतो. या कागदाचं तसं नव्हतं. दोन्ही बाजू खरोखरच तोलामोलाच्या होत्या, आणि तरी त्या घरात पुढचे चार महिने कोणी नीट जेवलं नाही. म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून लिहून ठेवते आहे. घरातल्या सगळ्यांनी ते वाचून होकार दिला आहे; नावं घालायची नाहीत एवढंच ठरलंय.

मामा १९७१ साली वेंगुर्ल्याहून वास्कोत आले आणि बंदरात कामाला लागले. नोकरीची वर्षं सड्यावरच्या क्वार्टरमध्ये गेली, निवृत्तीनंतर बायण्याला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. इमारतीला लिफ्ट नाही. २०१९ मध्ये मामा गेले. मामी आता सत्तरी ओलांडलेली, दोन्ही गुडघे दुखरे. भाऊ वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत. त्याची बायको मडगावची, माहेर मालभाटात, नोकरीही मडगावातच; लग्न झाल्यापासून ती रोज बसने वास्को-मडगाव करत होती. नातू चौथीत.

तिसरा मजला सोडायचा यावर सगळ्यांचं एकमत. जायचं कुठे, एवढाच प्रश्न. वास्कोतच नवेवाड्याला लिफ्टवाल्या इमारतीत एक फ्लॅट मिळत होता, आणि मडगावात फातोर्ड्याला दुसरा. फातोर्ड्याचा चार लाखांनी महाग, पण सुनेची रोजची दगदग आणि बसचं भाडं वाचणार. वेर्णा दोन्ही शहरांच्या मध्ये पडतं, त्यामुळे भावाला इकडून काय नि तिकडून काय, सारखंच. मी व्याज मांडलं, हप्ते काढले, वीस वर्षांचा हिशेब केला. दोन्ही बाजू इतक्या जवळ आल्या की माझं कॅल्क्युलेटर मी बाजूला ठेवलं.

एकाच मापाची दोन शहरं

बाहेरच्या माणसाला ही दोन शहरं शेजारी ठेवली तर फरक पटकन सांगता यायचा नाही. २०११ च्या जनगणनेत मुरगाव पालिकेची, म्हणजे वास्को जिच्यात येतं तिची, लोकसंख्या ९४,३९३ भरली, मडगाव पालिकेची ८७,६५०. दोन्हीकडे २५ प्रभाग. दोन्ही दक्षिण गोव्यात, दोन्ही एकेकाळच्या साष्टीतली, मध्ये जेमतेम तीस किलोमीटर. मडगाव अगदी पाण्याला लागून नाही, पण कोलव्याची वाळू सहा-सात किलोमीटरवर आणि कडेने वाहणारी साळ नदी बेतूलला समुद्राला मिळते. मासे, नारळ, फुटबॉल, चवथीची माटोळी, सगळं दोन्हीकडे तेच.

पण घडण वेगळी. मडगाव जुनं. मठग्राम म्हणून ओळखलं जाणारं, आधी देवळाचं आणि मग बाजाराचं गाव. साष्टी, केपे, सांगे इथल्या माणसाला काही विकायचं असो, विकत घ्यायचं असो, वकील गाठायचा असो, पाय मडगावकडेच वळायचे. वास्को त्या मानाने कालचं. मुरगावच्या टोकावर १६२४ चा किल्ला होता. संभाजी महाराजांच्या १६८३ च्या स्वारीने हादरलेल्या पोर्तुगीजांनी राजधानीच इथे हलवायचं घाटलं होतं, बांधकाम सुरूही केलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं. शहर खरं उभं राहिलं ते बंदर आणि रेल्वेमुळे. १८८८ मध्ये मुरगावहून घाट चढून कॅसलरॉकपर्यंत लोहमार्ग सुरू झाला. पुढे दाबोळीचा विमानतळ, गोवा शिपयार्ड, नौदल. १९६३ मध्ये मुरगावला मोठ्या बंदराचा दर्जा मिळाला आणि सिंधुदुर्ग, रत्नागिरी, कारवार, आंध्र, केरळ इथून माणसं येत राहिली. मामा त्यातलेच.

माझे बाबा रेल्वेत होते, म्हणून एक गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक आहे. गाडी सुटायची वास्कोहून. मडगावकर वाटेत चढायचा, आणि आम्ही खिडकीच्या जागा धरून बसलेलो असायचो. १९९८ मध्ये कोकण रेल्वे सुरू झाली, मडगाव जंक्शन झालं. गोवा एक्स्प्रेस अजून वास्कोहून सुटते, पण मुंबईची कोकणकन्या आणि मांडवी सुटतात मडगावहून. आता आम्ही पिशव्या सांभाळत बसने मडगाव गाठतो, मग गाडीत चढतो. हे कोणी मुद्दाम केलेलं नाही. कोकणातून आलेला रूळ जिथे जुन्या रुळाला मिळाला तिथे जंक्शन झालं. तरी वास्कोतल्या माझ्या वयाच्या माणसाला विचारलं तर तो याबद्दल असा बोलतो, जणू वाटणीत त्याच्या वाट्याची खोली दुसऱ्याला गेली.

कोण कोणाकडे बघतं

भावाच्या कागदावर मडगावच्या खाली बऱ्याच ओळी होत्या. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा न्यायालय, जिल्हा रुग्णालय, जंक्शन, मुलासाठी शाळा आणि शिकवण्या. वास्कोखाली: ‘आई रुळलेली आहे. मित्र. समुद्र.’ आणि मग पेनाने गिरवून गिरवून काळी केलेली एक जागा. मी विचारलं, “इथे काय लिहिलं होतंस?” म्हणाला, “दाबोळी लिहिलं होतं. मग खोडलं.”

त्याच वर्षाच्या जानेवारीत उत्तर गोव्यातल्या मोपाच्या नव्या विमानतळावरून विमानं उडायला लागली होती. भावाचा शाळूसोबती दाबोळीला टॅक्सी चालवतो. दाबोळी बंद होणार नाही असं सरकार सांगत होतं आणि विमानं उतरतही होती, पण टॅक्सीच्या रांगेतल्या माणसाला गिऱ्हाईक किती ते कळतं. त्याआधी २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हाचे दिवस मी काउंटरच्या पलीकडून पाहिलेत. झुवारी-मांडवीतून खनिज घेऊन येणारे बार्ज थांबले, ट्रक थांबले, आणि महिन्याच्या महिन्याला हप्ता भरणारी माणसं आमच्या बाकावर मान खाली घालून बसायला लागली. २०१८ मध्ये पुन्हा तेच. वास्कोचं पोट येणाऱ्या-जाणाऱ्या वस्तूंवर आहे: खनिज, कोळसा, प्रवासी. दुसरीकडे कुठेतरी निर्णय होतो आणि इथली चूल हलते. मडगावचा बाजार अशा एका फटक्याने आडवा होत नाही. हा फरक लोकसंख्येच्या आकड्यात दिसत नाही, आणि माझ्या मते दोन्ही शहरांच्या स्वभावातला निम्मा फरक यातूनच आला आहे.

त्या चार महिन्यांत मी एक केलं. घरातली, इमारतीतली, बाजारातली, मडगावच्या व्याह्यांकडची माणसं दुसऱ्या शहराबद्दल काय बोलतात ते कान देऊन ऐकलं, रात्री वहीत टिपलं. वास्कोकर दर तिसऱ्या वाक्याला मडगाव काढतो. तिथे बघा बाजार कसा, तिथे बघा रुग्णालय, आमच्याकडे साध्या कामालाही तिकडेच पळा. मडगावकर वास्कोबद्दल वाईट बोलतो का? नाही. तो बोलतच नाही. त्याची तुलना पणजीशी. पणजी पालिका क्षेत्राची लोकसंख्या २०११ ला ४०,०१७, म्हणजे मडगावच्या निम्मीसुद्धा नाही, आणि तरी महानगरपालिका त्यांची, स्मार्ट सिटी त्यांची, २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव त्यांचा. सुनेचे वडील हे सांगताना हाताची बोटं मोडतात. “आम्हाला काय मिळालं? सोनसोड्याचा कचरा,” म्हणतात. २०१९ च्या मे महिन्यात सोनसोड्याच्या ढिगाला लागलेली आग आणि तो धूर त्यांच्या बोलण्यात अजून ताजा आहे.

एकदा मी त्यांना विचारलं, “आणि वास्को?” ते जरा थांबले आणि खऱ्या मनाने म्हणाले, “वास्कोला माझं फारसं जाणं झालं नाही.” त्यांच्या मुलीला वास्कोत देऊन अकरा वर्षं झाली होती.

मामीला नेमकं हेच लागत होतं असं मला आता वाटतं. ज्याच्याशी आपण रोज स्वतःला ताडून बघतो, त्याच्या ध्यानीमनीही आपण नसावं.

बायणा

याच्या मुळाशी एक जुनी गोष्ट होती आणि ती मला ऑगस्टमध्ये कळली. भावाची सोयरीक जमली तेव्हा मडगावच्या बैठकीत मुलीकडच्या कोणी दूरच्या काकांनी पत्ता ऐकून विचारलं होतं, “बायणा? म्हणजे तोच बायणा का?” बायण्याच्या किनाऱ्यावरची ती वेश्यावस्ती २००४ मध्ये पाडली. लग्न त्यानंतर कितीतरी वर्षांनी झालं. पण नाव राहिलं. बैठकीत कोणी काही बोललं नाही, चहा आला, विषय गेला. मामीने मात्र ते वाक्य अकरा वर्षं जपून ठेवलं होतं. सुनेला त्यातलं काही ठाऊकच नव्हतं. तिच्यासमोर हे निघालं तेव्हा ती रडली, आणि मामी तिलाच समजवायला लागली, “तुझा काय दोष गो त्यात.”

बायण्यात राहणाऱ्या मुलींनी कॉलेजात, नोकरीच्या मुलाखतीत, कदंबाच्या बसमध्ये हा प्रश्न किती वेळा झेललाय, ते त्यांनाच विचारावं. एका वस्तीचं नाव अख्ख्या गावाला चिकटवणं हा अन्याय आहे आणि तो आम्ही गोयकारांनीच केला आहे. पर्यटकांनी नव्हे.

गॅलरीतलं फडकं

मामी रोज सकाळी गॅलरीचा कठडा पुसायची. जुन्या धोतराचा पांढरा तुकडा, पाण्यात पिळलेला. कठड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदाच हात फिरवायची आणि फडकं उलटून बघायची. काळं. चुलीतल्या राखेसारखं करडं नव्हे, काजळासारखं, बोटाला लागलं तर रेषांत शिरून बसणारं. मग ते घडी घालून, काळी बाजू आत करून, बादलीच्या कडेवर ठेवायची. वाळत घातलेले कपडे झटकून घ्यायची, आणि मगच चहा.

मुरगावला कोळसा उतरतो, तिथून रेल्वेने घाटावरच्या पोलाद कारखान्यांकडे जातो. वास्कोत याविरुद्ध किती मोर्चे निघाले, किती अर्ज गेले, याची गणती नाही. २०१७ मध्ये बंदराच्या विस्तारावर जनसुनावण्या झाल्या तेव्हा मामा आणि मामी दोघंही गेले होते. मामांची त्या वेळची घालमेल मी पाहिली आहे. आयुष्यभराची भाकरी बंदराने दिली, मुलाचं शिक्षण त्या पगारावर झालं. आणि रात्री खोकल्याची उबळ आली की उठून गॅलरीत बसायचं. ते सुनावणीत बोलले नाहीत. घरी येऊन म्हणाले, “जिथलं मीठ खाल्लं तिथे उभं राहून काय बोलू? आणि न बोलूनही कसं चालेल?” दोन्ही वाक्यं ते मनापासून बोलले.

आता सुनेकडची बाजू. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध चांदरला लोक रात्रभर रुळांवर बसले, कारण दुसरा रूळ म्हणजे आणखी कोळसा अशी त्यांची भीती होती. सुनेचा भाऊ त्या रात्री तिथे होता. तो अजून अभिमानाने सांगतो आणि सांगावंच. पण तोच कोळसा जिथे जहाजातून उतरतो त्या गावात त्याच्या बहिणीचं घर, आणि त्या गॅलरीतलं फडकं त्याने कधी पाहिलं नव्हतं. सप्टेंबरात तो चवथीचं बोलावणं करायला आला तेव्हा मामीने काही न बोलता ते त्याच्या हातात दिलं. त्याने उलटंपालटं करून पाहिलं, नाकाशी नेलं. बराच वेळ ते हातातच धरून बसला होता.

त्या दिवसानंतर घरातलं वातावरण बदललं. वास्को सोडायचं म्हणजे वास्को हरलं, असं जे मामीला वाटत होतं, त्याची धार थोडी बोथट झाली. नातवालाही पावसाळ्यानंतर दरवर्षी खोकला धरायचा. डॉक्टरांनी कारण कोळसाच असं कधी म्हटलं नाही आणि मीही म्हणणार नाही. पण आजीने ठरवायला तेवढं पुरलं. “पोराचं बघा, माझं काय,” म्हणाली. फातोर्डा ठरलं. दसऱ्याला सामान हललं.

मडगावात

पहिल्या आठवड्यातच मामीने तिथला कठडा पुसला. फडक्याला तांबडी धूळ आली, रस्त्याची. मला फोन करून सांगितलं, “तांबडी आहे. मातीच आहे.” आवाजात सुटका होती.

बाकीचं इतकं सोपं गेलं नाही. मडगावच्या इमारतीत शेजारणी चांगल्या, पहिल्याच दिवशी एकीने नारळाच्या वड्या आणून दिल्या. पण प्रत्येकीचा पहिला प्रश्न: तुमचं मूळ घर कुठलं? देव कुठला? मामी वेंगुर्ल्याकडचं देवस्थान सांगायची. समोरची मान डोलवायची, “म्हणजे तुम्ही भायल्या.” रागाने नव्हे. मडगावात माणूस देवावरून ओळखतात, वाड्यावरून, कुळागरावरून. वास्कोत बावन्न वर्षांत मामीला पहिला प्रश्न नेहमी एकच आला होता: घरवाले कामाला कुठे? बंदरात, शिपयार्डात, रेल्वेत, नेव्हीत, एवढं सांगितलं की ओळख पुरी. खालच्या मजल्यावरची तेलुगू बाई आणि समोरची कारवारची, तिघींनी मिळून तिघींच्या घरची बाळंतपणं काढली. कोणाचा देव कुठला हे एकमेकींना ठाऊक नव्हतं असं नाही, पण ते नंतर कळलं, पाया पडायला जाताना.

मला दोन्ही पद्धती समजतात. ज्या गावाचं देऊळ गेलं, देव नदीपलीकडे न्यावा लागला, ते गाव देवाचा पत्ता विचारणारच. आणि ज्या गावात सगळेच बाहेरून आले ते पगाराचा पत्ता विचारणार. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला रोज नव्याने ‘भायली’ व्हावं लागणं, हे सोसायला कठीण आहे.

मासळीचंही तेच. मडगावचा मासळीबाजार मोठा, सकाळी गाड्याच्या गाड्या उतरतात. मामी तिथे जाऊन बावरायची. वास्कोत तिची ठरलेली मासळीवाली, खारीवाड्याच्या धक्क्यावरून आलेली. मामी बांगड्याचा कल्ला अंगठ्याने उचलून आत बघायची, लाल दिसला तर ठेवायची, तपकिरी दिसला तर काही न बोलता परत टोपलीत. मासळीवालीही काही म्हणायची नाही, पदराखालून दुसरे चार काढायची. पैसे महिन्याला. मडगावात तिने पहिल्यांदा कल्ला उचलला तेव्हा समोरची खेकसली, “घेणार तर हात लावा!” ती तशीच परत आली. त्यानंतर मासळी सूनच आणायची.

शिगम्याच्या सुमारास एक गोष्ट घडली आणि आता सगळं जुळून येणार असं मला वाटलं. मडगावकरांचा शिशिरोत्सव जांबावलीत होतो, कुशावतीच्या काठी, दामोदराच्या देवळात. हा दामोदर मूळचा मडगावचा. सोळाव्या शतकात साष्टीतली देवळं पाडली गेली तेव्हा तो जांबावलीला नेला. पण मडगावकरांनी त्याला सोडलं नाही. दरवर्षी जाऊन उत्सव तेच करतात, गुलाल उधळतात, रात्री मराठी नाटकं करतात. व्याही मामीला घेऊन गेले. देवळात उभ्या उभ्या मामी म्हणाली, “अहो, हा तर आमचा दामोदर.”

व्याह्यांना अर्थ लागेना. मग तिने सांगितलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वास्कोत प्लेगची साथ आली, माणसं पटापट जायला लागली. तेव्हा वास्कोकर जांबावलीला येऊन दामोदराच्या पाया पडले, प्रसादाचा नारळ घेऊन गेले. जोशींच्या दुकानात तो ठेवला आणि चोवीस तास अखंड भजन केलं. साथ ओसरली. तेव्हापासून नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सप्ताह बसतो. जुना नारळ समुद्रात सोडतात, नवा ठेवतात. वास्कोतला दामोदर म्हणजे मडगावहून जांबावलीला आणि जांबावलीहून नारळाच्या रूपाने आमच्याकडे आलेला. व्याह्यांना सप्ताह माहीत होता, त्यानिमित्त भरणारी फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, माहीत होता. देव आपल्याच गावचा हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. गुलालाने भरलेल्या हातांनी त्यांनी मामीला नमस्कार केला. सूनबाईने तो फोटो मला पाठवला, तो मी जपून ठेवलाय.

मी समजले, झालं. आता ‘देव कुठला’ या प्रश्नाला मामीकडे मडगावचंच उत्तर आलं. तिने ते इमारतीत सांगितलंही. शेजारणींना कौतुक वाटलं. पण त्याने ती मडगावची झाली नाही. मे महिन्यात मी गेले तेव्हा गॅलरीत बसली होती, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. “इथे रात्री जहाजांचे दिवे दिसत नाहीत गो,” एवढंच म्हणाली.

सप्ताह, २०२४

बायण्याचा फ्लॅट विकून कर्जाचा भार हलका करायचा, असं मूळ कागदावर होतं. गिऱ्हाईकही आलं होतं. मामी नाही म्हणाली नाही. ‘सप्ताह होऊ दे’ एवढंच म्हणाली. १० ऑगस्टला सप्ताह बसला. आदल्या दिवशी भाऊ तिला बायण्याला घेऊन आला. तिसरा मजला ती पाऊण तासात चढली, प्रत्येक वळणावर टेकत. खालच्या तेलुगू बाईने प्रत्येक वळणावर खुर्ची आणून ठेवली होती.

मामा चाळीस वर्षं सप्ताहात भजनाला बसायचे. त्यांच्या मंडळाची पाळी पहाटेची, सगळ्यांना नकोशी असलेली. त्यांचे टाळ मामीने फातोर्ड्याला नेलेच नव्हते; कपाटात फडक्यात गुंडाळलेले. पहाटे तीनला ती ते टाळ घेऊन मंडपात गेली आणि मामांच्या जागी बसलेल्या मुलाच्या हातात दिले. तो मुलगा कारवारकरणीचा नातू. पावसाची सर येऊन गेली होती, रस्त्यावर फेरीच्या दुकानांच्या ताडपत्र्यांतून पाणी गळत होतं, आणि आत ‘जय जय राम कृष्ण हरी’ चाललेलं. आदल्या संध्याकाळी पार निघाले होते. वास्कोतल्या एकेका व्यवसायाची, समाजाची मिरवणूक, पुढे भजन. मामी बाजारच्या कोपऱ्यावर खुर्चीवर बसून शेवटचा पार जाईपर्यंत हलली नव्हती. या खेपेला व्याही आले होते, त्यांचा मुलगाही आला होता. व्याही आयुष्यात पहिल्यांदा सप्ताहाला आले.

फ्लॅट विकला गेला नाही. भावाने ताणून बघितलं, हप्ता जड जात होता आणि अजून जातो. मी त्याला स्पष्ट सांगितलं की हिशेबाने हे चूक आहे. त्याने ऐकून घेतलं. दिवाळीनंतर मार्ग निघाला तो भाड्याचा. चिखलीच्या रुग्णालयाजवळ कामाला असलेल्या दोन परिचारिकांना घर हवं होतं, तिसऱ्या मजल्याची त्यांना अडचण नव्हती. अकरा महिन्यांचा करार. मसुदा मी लिहिला, पतसंस्थेत असताना असे शेकडो लिहिले होते. भाऊ म्हणाला, “ताई, यात एक ओळ घालता येईल का?” मुलींना विचारलं, त्या हसून हो म्हणाल्या, त्यांनाही सप्ताहाची फेरी बघायची होतीच. भाडं, अनामत, वीजबिल, पाणी यांच्या खाली मी सातवी अट टाकली: ‘श्रावणात नागपंचमीच्या आदल्या दिवसापासून दहा दिवस गॅलरीकडील खोली मालकांच्या आईच्या वापरासाठी मोकळी राहील, आणि त्या खोलीतील कपाटाचा वरचा कप्पा वर्षभर बंद राहील.’